टेकडीपलीकडचे सैन्य: पटावरील युद्धखेळांतील अज्ञाताची रचना

पटावरील युद्धखेळ म्हणजे खऱ्या किंवा कल्पित रणभूमीचा नकाशा टेबलावर पसरून, पलटणींच्या जागी सोंगट्या हलवून आणि ठरलेल्या नियमांनी झटापटींचा निवाडा करून खेळला जाणारा खेळ. त्याचा उगम बुद्धिबळात आहे, आणि बुद्धिबळाकडून आलेल्या वारशात सर्वांत अडचणीची ठरलेली गोष्ट म्हणजे पटाचा उघडेपणा. बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याचा उंट कोठे आहे आणि तो काय करू शकतो हे दोघांनाही सारखेच दिसते. गुप्त असतो तो फक्त मनातला बेत. अशा खेळांना गणिताच्या परिभाषेत पूर्ण माहितीचे खेळ म्हणतात. रणांगणावरील सेनापतीला मात्र शत्रू कोठे आहे, किती आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे याची तुटक, उशिरा आलेली आणि पुष्कळदा परस्परविरोधी वार्ता हाती धरून हुकूम द्यावे लागतात. ही उणीव खेळात आणण्यासाठी केलेल्या नियमांना या खेळांच्या जगात मर्यादित गुप्तवार्तेचे नियम म्हणतात, आणि गेल्या दोनशे वर्षांतील युद्धखेळांचा इतिहास बराचसा एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: खेळाडूला जे कळू नये ते सांभाळून ठेवायचे कोणी आणि कसे?

ब्रन्सविक येथील योहान हेलविग यांनी १७८० मध्ये प्रसिद्ध केलेला खेळ दीड हजारांहून अधिक घरांच्या पटावर खेळला जाई. त्यात पायदळ, घोडदळ, तोफा, नद्या, डोंगर सारे होते, पण सारे उघड्यावर होते. ही चौकट मोडली ती प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी. पित्याने १८१२ मध्ये राजा फ्रीडरिख विल्हेल्म तिसरा याच्यापुढे आपला खेळ मांडला, त्यात घरे नव्हती, जमिनीचे चढउतार दाखवणारे सुटे तुकडे होते. पुत्राने, म्हणजे तोफखान्यातील तरुण अधिकारी गेओर्ग फॉन राइसविट्झ याने, १८२४ मध्ये त्याला निराळेच रूप दिले. राजवाड्यातील टेबलाऐवजी १:८००० प्रमाणाचा लष्करी नकाशा आला, प्रत्येक डाव प्रत्यक्षातील दोन मिनिटांचा धरला गेला, आणि दोन पक्षांच्या मधोमध एका तिसऱ्या माणसाला, पंचाला, बसवण्यात आले.

या पंचाचे काम केवळ तंटे मिटवण्याचे नव्हते. दोन्ही पक्षांनी आपले हुकूम कागदावर लिहून त्याच्या हाती द्यायचे, त्याने ते मनात ठेवून दोन्ही सैन्ये चालवायची, आणि नकाशावर मात्र ज्या तुकड्या समोरच्याला खरोखर दिसू शकतील तेवढ्याच मांडायच्या. डोंगराआड असलेली पलटण नकाशावर येत नसे. ती टेहळणीच्या स्वारांना आढळली, तरच तिचा ठोकळा ठेवला जाई. दूरच्या तुकडीला धाडलेला हुकूम स्वाराला तेथवर पोचायला लागेल तितक्या वेळाने अमलात येई, आणि तोवर परिस्थिती बदलली तर तो कालबाह्य हुकूमच पाळला जाई. म्हणजे राइसविट्झच्या खेळात खेळाडूला शत्रूविषयी जसे अर्धवट कळे, तसेच स्वतःच्या सैन्याविषयीही अर्धवटच कळे. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पुढील दीडशे वर्षे फारसे कोणी ओळखले नाही.

प्रशियाच्या सैन्यातील प्रमुख सेनाधिकारी जनरल म्युफ्लिंग हे खेळ पाहण्यापूर्वी साशंक होते. पाहिल्यावर हे युद्धाचेच शिक्षण आहे असे म्हणून त्यांनी त्याची लष्करी नियतकालिकातून शिफारस केली आणि तो पलटणींमध्ये पोचवला. त्याच काळात बर्लिनच्या युद्धविद्यालयाचे संचालकपद कार्ल फॉन क्लाउझेवित्झ यांच्याकडे होते. युद्धातील वार्ता बहुतांशी अविश्वसनीय असते आणि सेनापतीला अनिश्चिततेच्या धुक्यातूनच वाट काढावी लागते हे त्यांचे विवेचन त्यांच्या निधनानंतर १८३२ मध्ये ग्रंथरूपाने आले. धुक्याची ही प्रतिमा आज सगळीकडे क्लाउझेवित्झच्या नावावर चालते; ते धुके टेबलावर उतरवण्याची रीत मात्र त्याच शहरात, काही वर्षे आधी, एका कनिष्ठ अधिकाऱ्याने शोधली होती. तो अधिकारी पुढे टोरगाऊच्या किल्ल्यात बदलून गेला आणि १८२७ मध्ये त्याने आत्महत्या केली.

पंचाच्या पद्धतीत दोन दोष होते. एक म्हणजे नियमांचे आणि तक्त्यांचे ओझे. १८७६ मध्ये प्रशियाचे अधिकारी फेर्डी द्यु व्हेर्न्वा यांनी ते झुगारून अनुभवी पंचाच्या विवेकावर चालणारा 'मुक्त' युद्धखेळ पुढे आणला. दुसरा दोष मात्र त्याने वाढलाच: पंच हा माणूस असतो, आणि माणसाला हुद्दा, वरिष्ठ व इच्छा असतात. १९४२ मध्ये मिडवेच्या मोहिमेपूर्वी जपानी आरमाराने घेतलेल्या युद्धखेळात विमानवाहू नौकांवर पडलेले बाँब प्रमुख पंच उगाकी यांनी कमी करून घेतले आणि बुडालेली नौका पुन्हा चालू केली, असे जपानी नौदलातील वैमानिक अधिकारी फुचिदा मित्सुओ यांनी लिहून ठेवले आहे. फुचिदांच्या कथनातील सर्वच तपशील अभ्यासक जसेच्या तसे स्वीकारत नाहीत, पण पंचाची खुर्ची कोणाच्या आज्ञेखाली आहे हा प्रश्न त्यातून नेमका उभा राहतो.

त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये याच्या नेमके उलट घडत होते. अटलांटिकमधील जर्मन पाणबुड्यांना तोंड देण्यासाठी कमांडर गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखाली ब्रिटिश नौदलाने एक डावपेच-पथक उभारले. त्यातील कर्मचारी बहुतेक नौदलाच्या महिला शाखेतील तरुणी होत्या. मोठ्या खोलीच्या जमिनीवर समुद्र कल्पिलेला असे आणि भोवती कापडी पडदे लावलेले असत. युद्धनौकांचे अधिकारी पडद्यामागे बसून एका फटीतून जमिनीचा थोडासाच भाग पाहत. संरक्षक नौकांचे मार्ग पांढऱ्या खडूने काढले जात आणि पाणबुड्यांचे हिरव्या खडूने, कारण त्या जमिनीवरचा हिरवा रंग पडद्याआडून दिसत नसे. डाव संपल्यावर अधिकारी बाहेर येत आणि पाणबुडी आपल्या किती जवळून गेली ते त्यांना तेथेच, पायाशी, पाहायला मिळे. पाणबुड्या व्यापारी जहाजांच्या ताफ्याबाहेरून नव्हे तर मागच्या बाजूने ताफ्याच्या आत शिरून मारा करीत असाव्यात हा निष्कर्ष याच जमिनीवर निघाला आणि त्यावरचा प्रतिडावही तेथेच बसवला गेला. तिसरा माणूस तटस्थ आणि तयारीचा असला म्हणजे काय साधते याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

परंतु दुकानात विकल्या जाणाऱ्या खेळाला तिसरा माणूस परवडत नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथील चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये 'टॅक्टिक्स' हा खेळ बाजारात आणला आणि १९५८ मध्ये ॲव्हलॉन हिल ही कंपनी काढली, तेव्हा गिऱ्हाईक धरले होते ते दोन मित्रांचे, आणि पुष्कळदा एकट्या माणसाचे. पंच गेला, त्याबरोबर धुकेही गेले. सोंगट्या म्हणजे जाड पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे झाले, त्यांवर तुकडीची ताकद आणि चाल आकड्यांत छापलेली; १९६१ पासून नकाशावर षट्कोनी घरे आली; आणि लढाईचा निकाल दोन्ही बाजूंच्या ताकदीचे गुणोत्तर काढून, फासा टाकून, तक्त्यात पाहिला जाऊ लागला. अशा खेळात बचाव करणाऱ्याची ताकद ४ असेल तर हल्ला करणारा १२ गुण जमवतो, कारण तेवढ्याने तिनास एक हे गुणोत्तर मिळते. ११ जमले तर ते दोनास एकवर घसरते, आणि १३ जमवणे म्हणजे एक गुण वाया घालवणे. मुरलेले खेळाडू मग रात्र-रात्र आकड्यांची जुळवाजुळव करीत बसत. शत्रूची ताकद अपूर्णांकापर्यंत ठाऊक असलेला आणि त्यानुसार नेमकी कुमक धाडणारा सेनापती इतिहासात झालेला नाही. या खेळांनी तो घरोघरी निर्माण केला.

नौदलाच्या लढायांत मात्र एवढा उघडेपणा चालण्यासारखा नव्हता, कारण तेथे शत्रू सापडणे हीच अर्धी लढाई असते. ॲव्हलॉन हिलच्या 'बिस्मार्क' (१९६२) आणि 'मिडवे' (१९६४) या खेळांत दोन्ही खेळाडूंच्या मध्ये आडोसा उभा केलेला असे; प्रत्येकजण स्वतःच्या शोधपटावर आपल्या नौकांच्या जागा लपवून ठेवी आणि आळीपाळीने समुद्राच्या एकेका क्षेत्राचे नाव पुकारून तेथे कोणी आहे का असे विचारी. ही रीत साधी आणि परिणामकारक होती, पण तिचा भरवसा सर्वस्वी समोरच्याच्या प्रामाणिकपणावर आणि त्याहून अधिक त्याच्या टापटिपीवर होता, कारण तिसऱ्या डावात अनवधानाने दिलेले चुकीचे उत्तर दहाव्या डावात उघड झाले तर सारी संध्याकाळ फुकट जाई. त्याहून खोल अडचण इतिहासाची होती. मिडवेच्या लढाईच्या सकाळी, ४ जून १९४२ रोजी, जपानी ॲडमिरल नागुमो यांना अमेरिकी विमानवाहू नौका जवळपास आहेत याची खात्री नव्हती, आणि टोने या क्रूझरवरून निघालेले टेहळणी विमान सुमारे अर्धा तास उशिरा उडाले. उलट अमेरिकनांनी जपानी संकेतलिपी फोडून मिडवे हेच लक्ष्य आहे हे हेरले होते. खेळाडूने मात्र पुस्तक वाचलेले असते. अमेरिकी नौका ईशान्येला दबा धरून आहेत हे त्याला पेटी उघडण्यापूर्वीच ठाऊक असते, आणि कोणताही आडोसा त्याच्या डोक्यातील ती माहिती झाकू शकत नाही. विषयाच्या नावानेच गुपित फुटते, ही ऐतिहासिक युद्धखेळांची जन्मजात व्याधी आहे.

पंचाच्या जागी वस्तू बसवण्याचा सर्वांत यशस्वी प्रयत्न कॅनडात झाला. व्हँकुव्हरच्या गॅमा टू या छोट्या प्रकाशनाने १९७२ मध्ये 'क्वेबेक १७५९' हा खेळ काढला, त्यात पुठ्ठ्याच्या तुकड्यांऐवजी लाकडी चौकोनी ठोकळे होते. ठोकळ्याच्या एकाच बाजूला चिकटपट्टीवर तुकडीचे चिन्ह असते, आणि तो टेबलावर उभा ठेवल्यामुळे, रमीतील हातच्या पत्त्यांप्रमाणे, ती बाजू फक्त मालकाला दिसते. समोरच्याला दिसते ती कोरी रंगीत पाठ. पट्टीच्या चार कडांना चार वेगवेगळी बळे लिहिलेली असतात, वरच्या कडेला असेल ते त्या क्षणीचे बळ, आणि हानी झाली की ठोकळा एक चतुर्थांश फिरवून पुढची कड वर आणायची. एका लाकडाच्या तुकड्याने अशा रीतीने तुकडीची ओळख, तिचे बळ आणि तिची झीज या तिन्ही गोष्टी लपवल्या, तेही कागद-पेन्सिल, पडदा किंवा पंच यांच्याशिवाय. कल्पना तशी नवी नव्हती. फ्रान्समध्ये एर्मांस एदां यांनी १९०८ मध्ये एकस्वासाठी अर्ज केलेल्या 'लाताक' या खेळात आणि त्यावरून आलेल्या, प्रत्येकी ४० सोंगट्यांच्या 'स्ट्रॅटेगो'त पाठ फिरवून उभ्या केलेल्या सोंगट्या होत्याच. पण तेथे सोंगटी एकदा भिडली की ओळखली जाई आणि मग तिचे गुपित कायमचे संपे. ठोकळा लढाईनंतर पुन्हा उभा केला जातो आणि पुन्हा अनोळखी होतो, आणि एवढ्या फरकाने खेळाची जात बदलते.

या पद्धतीचे कौतुक करताना तिची मर्यादा सहसा नजरेआड केली जाते. ठोकळ्यांची संख्या लपत नाही. कोणत्या खिंडीत सहा ठोकळे आहेत आणि कोणत्या पुलावर एकच, हे दोघांनाही दिसते. म्हणून चांगल्या खेळाडूची सारी लबाडी दुबळ्या ठोकळ्यांचा जमाव मोठा भासवण्यात असते. क्रेग बेसिंक यांच्या 'रोमेल इन द डेझर्ट' (१९८२) या उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवरील खेळाने ही लबाडी सैन्यावरून रसदीवर नेली. तेथे इंधन आणि दारूगोळा पत्त्यांच्या रूपाने हातात असतो, पण काही पत्ते पोकळ, म्हणजे निव्वळ थापेचे असतात. प्रतिस्पर्ध्याच्या हातात किती पत्ते आहेत हे दिसते, त्यांतील खरे किती ते दिसत नाही. वाळवंटात रसदीवाचून थांबलेले सैन्य आणि झडप घालण्यासाठी दबलेले सैन्य बाहेरून सारखेच दिसते. आजवरच्या ठोकळ्यांच्या खेळांत याला तोड नाही असे म्हणायला हरकत नाही.

राइसविट्झचा पंच सोडला तर येथवरच्या सर्व युक्त्यांचे गृहीत एकच आहे: जे अज्ञात आहे ते शत्रूच्या बाजूला आहे. स्वतःच्या सैन्याविषयी खेळाडू सर्वज्ञ राहतो, आणि वास्तवाशी तुलना केली तर हे खोटेपण पहिल्या खोटेपणाहून मोठे आहे. त्यावर पहिला नेमका घाव घातला तो जिम डनिगन यांच्या 'पांझरग्रुप गुडेरियन' (१९७६) या जुलै १९४१ मधील स्मोलेन्स्कच्या लढाईवरील खेळाने. घाईघाईने उभ्या केलेल्या सोव्हिएत डिव्हिजन तेथे पालथ्या पुठ्ठ्यांच्या रूपाने पटावर येतात आणि त्यांची ताकद पहिल्या लढाईपर्यंत दोघांनाही पाहता येत नाही, सोव्हिएत खेळाडूलासुद्धा नाही. पुठ्ठा उलटला की कधी भक्कम डिव्हिजन निघते, कधी तकलादू, आणि एखादी शून्य बळाची निघून जागच्या जागी विरून जाते. केवळ पुठ्ठे पालथे ठेवण्याचा हा नियम दोन ओळींत सांगता येतो, पण त्याने सोव्हिएत खेळाडूची खेळण्याची रीत पार बदलते: भिंत कोठे पक्की आहे हे ठाऊक नसल्यामुळे त्याला एकामागे एक फळ्या रचाव्या लागतात, आणि प्रत्यक्ष सोव्हिएत सेनापतींनीही नेमके तेच केले होते.

स्वतःविषयीचे अज्ञान किती दूरवर जाते हे पाहण्यासाठी मराठी वाचकाला स्मोलेन्स्कपर्यंत जाण्याचे कारण नाही. जालना जिल्ह्यातील असई पुरेशी आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांवर चालून आला तेव्हा त्या भोकरदनजवळ आहेत अशी त्याची समजूत होती. हरकाऱ्यांनी भोकरदन असे सांगितले होते, पण ते नाव गावाचे होते तसे परगण्याचेही होते, आणि छावणी परगण्याच्या दुसऱ्या टोकाला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात निघाली, असे स्पष्टीकरण त्याने पुढे दिले. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज दूर होती. नदीला उतार नाही असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीला दोन तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली, आणि अशी गावे असतील तर त्यांच्यामध्ये उतार असणारच असे अनुमान करून त्याने सैन्य तिकडे वळवले. उतार होता. पण पुढे शिंद्यांच्या कवायती पायदळाने अँथनी पोलमनच्या हुकमाखाली आपली सारी फळी नव्वद अंशांतून फिरवून त्याच्यासमोर उभी केली, आणि हे पायदळ एवढ्या शिस्तीने फिरू शकेल याची त्याला कल्पना नव्हती. त्यानंतर त्याच्याच उजव्या बगलेवरील ऑरक या अधिकाऱ्याने हुकमाचा चुकीचा अर्थ लावून पिकेट, म्हणजे पहाऱ्याच्या तुकड्या, थेट असई गावातील तोफांच्या तोंडी नेले, त्यांच्यामागे ७४ वी हायलँडर पलटण गेली, आणि ती पलटण जवळजवळ कापली गेली. ब्रिटिशांची हानी दीड हजारांच्या वर गेली. सेनापतीचे काम म्हणजे टेकडीपलीकडे काय आहे याचा अंदाज बांधणे, असे वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाल्यावर म्हणत असे. असईचा हिशेब मांडला तर शत्रूचा ठावठिकाणा, शत्रूची गुणवत्ता, जमीन आणि स्वतःचा अधिकारी अशा चार ठिकाणी त्याला अंदाज बांधावा लागला, आणि त्यांपैकी जमिनीचाच तेवढा बरोबर आला.

स्वतःच्या माणसांचा भरवसा न धरता येणे हाच विषय करणारा अलीकडचा खेळ म्हणजे मॅट कॅल्किन्स यांचा 'सेकिगाहारा' (२०११). जपानच्या सत्तेचा निकाल लावणाऱ्या २१ ऑक्टोबर १६०० च्या त्या लढाईत कोबायाकावा हिदेआकी हा सरदार ऐन वेळी फितूर होऊन विरोधी बाजूच्या तोकुगावा इयेयासूला मिळाला. खेळात फासे नाहीत. ठोकळे आहेत, आणि हातात सरदारघराण्यांची चिन्हे असलेले पत्ते. एखाद्या घराण्याचा ठोकळा लढाईत उतरवायचा तर त्या घराण्याचा पत्ता टाकावा लागतो. प्रतिस्पर्ध्याने निष्ठेला आव्हान देणारा पत्ता टाकला तर त्याच घराण्याचा आणखी एक पत्ता हातातून दाखवावा लागतो, आणि तो नसेल तर ठोकळा त्या लढाईपुरता शत्रूच्या बाजूने लढतो. म्हणजे टेबलावर मोठे सैन्य उभे असूनही ते किती आपले आहे हे हातातील पत्त्यांवर ठरते, आणि पत्ते दर फेरीला बदलतात. हा फितुरीचा नियम चिकटवलेला वाटत नाही, कारण तो वगळला तर खेळच उरत नाही. बहुतेक युद्धखेळांत निष्ठा किंवा मनोधैर्य हा एक जादा तक्ता असतो आणि खेळाडू तो शक्यतो विसरतात.

पंचाची खुर्ची आता संगणकाने भरता येते, आणि ठोकळे न उचलताही तो सारे लपवू शकतो. २०२२ मध्ये डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीच्या डीपनॅश या प्रणालीने स्ट्रॅटेगोमध्ये तरबेज मानवी खेळाडूंच्या पंक्तीत स्थान मिळवले, आणि त्यासाठी तिला दुबळी सोंगटी जबरदस्त असल्यासारखी पुढे दामटण्याची थापही आपोआप साधली. तरीही टेबलावरचे ठोकळे छापले आणि विकले जातच आहेत. समोरचा माणूस कोणत्या ठोकळ्याला हात लावून मागे घेतो आणि कोणता ठोकळा वारंवार डोकावून पाहतो, ही टेहळणी संगणकाच्या पडद्यावर होत नाही, एवढे एक कारण तरी त्यामागे असावे.

असईच्या उताराचा प्रश्न मात्र पुठ्ठा, लाकूड आणि पत्ते यांना फारसा सुटलेला नाही. नकाशा छापावा लागतो, आणि छापलेला उतार दोघांनाही दिसतो. राइसविट्झचा पंच खेळाडूच्या हाती अपुरा नकाशा देऊ शकत असे, पेटीतला कागद तसे करू शकत नाही. यावर एक उपाय एकट्याने खेळायच्या 'ॲम्बुश' (१९८३) या खेळाने काढला. जॉन बटरफील्ड आणि एरिक ली स्मिथ यांच्या या रचनेत दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांची एक छोटी तुकडी फ्रान्समधल्या शेतांतून आणि गावांतून पुढे सरकते. नकाशावरील प्रत्येक षट्कोनी घरात पाऊल टाकले की खिडकी कापलेल्या पाकिटात घातलेल्या तक्त्यातून एक आकडा पाहायचा आणि त्या क्रमांकाचा परिच्छेद पुस्तिकेतून वाचायचा. कुंपणाआड मशिनगन आहे, घर रिकामे आहे, की पायाखाली सुरुंग आहे, हे त्या परिच्छेदाखेरीज कळत नाही. यात शत्रूइतकीच जमीनही अनोळखी राहते, पण एकदाच. मोहीम खेळून झाली की कोणत्या कुंपणाआड काय आहे ते लक्षात राहते आणि दुसऱ्यांदा तो खेळ स्मरणाचा होतो. मूळ पेटीत अशा आठच मोहिमा होत्या, आणि त्या संपल्यावर आणखी मोहिमांसाठी १९८४ पासून निघालेल्या पुढच्या पेट्या वेगळ्या विकत घ्याव्या लागत.